पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब

काकडीच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी पहिले प्रवासी विमान मुंबईच्या दिशेने झेपावले. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाचा तो प्रारंभ होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि एसटीच्या बाकांवरून एकाच आकड्याचे कौतुक चालले होते. मोटारीने पाच तास लागणारी मुंबई आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर आली! कोपरगाव तालुक्यातले काकडी हे कोरडवाहू गाव. पाण्याच्या टँकरखेरीज दुसऱ्या कशाची वाट पाहायची सवय नसलेल्या त्या शिवारात आता विमानाची वाट पाहिली जाऊ लागली. कौतुक वाटावे असेच ते होते.

पण हिशेब तपासण्यात ज्याची उमर गेली, त्याला कोणताही आकडा दिसला की खाली बेरीज करून पाहावीशी वाटते. ही पंचेचाळीस मिनिटे आली कोठून?

मुंबई आणि शिर्डी या दोन विमानतळांमधले सरळ अंतर अवघे १७२ किलोमीटर आहे. रस्त्याने हेच अंतर दोनशे चाळीसच्या घरात जाते, कारण रस्त्याला कसारा घाट चढावा लागतो, नाशिक-सिन्नरची वळणे घ्यावी लागतात. वैमानिकाच्या हिशेबात किलोमीटर नसतो, सागरी मैल असतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे वैमानिकाच्या लेखी शिर्डी ९३ मैलांवर. अशा जवळच्या मार्गांवर धावणारे सत्तर आसनांचे एटीआर जातीचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या उदाहरणाप्रमाणे गणित मांडले तर उत्तर येते वीस-एकवीस मिनिटे. मग वरची चोवीस-पंचवीस मिनिटे कोठे खर्ची पडली?

ती जमिनीवर आणि जमिनीच्या जवळपास खर्ची पडतात. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. उतारावर बैलगाडी उभी केली की आपण चाकाला दगड लावतो तसे. हे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा लावीपर्यंतचा काळ तो वेळापत्रकातला प्रवास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, मुंबईसारख्या ठिकाणी पुढच्या विमानांच्या मागे ताटकळणे आले, उंची गाठेपर्यंतची चढण आली, आणि उतरताना वेग कमी करत, वळसा घेत धावपट्टीच्या रेषेत येणे आले. हा खर्च अंतर लहान असो की मोठे, जवळजवळ सारखाच राहतो. शिर्डीहून हैदराबाद सरळ रेषेत पाचशे किलोमीटर आहे, दिल्ली त्याच्या दुप्पट, हजारावर थोडी. पण दिल्लीला जायला हैदराबादच्या दुप्पट वेळ लागत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे ठरावीक शुल्क आहे, रक्कम शंभराची असो वा हजाराची. लहान रकमेवर ते जड पडते.

शिवाय हवेची मर्जी असते. २०१९ च्या नोव्हेंबरात शिर्डीच्या आकाशात धूसरपणा दाटला. तेव्हा तिथे विमान उतरवायला पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसणे आवश्यक होते. तेवढे दिसेना, म्हणून कित्येक आठवडे विमाने बंद राहिली. त्या काळात काकडी ते मुंबई हे अंतर विमानाने किती होते? कागदावर १७२ किलोमीटर आणि प्रत्यक्षात अनंत. रात्री विमान उतरवण्याचा परवाना या विमानतळाला २०२३ साली मिळाला. तोवर दिवस मावळला की तिथले आकाशही दुकानासारखे बंद होई.

कधी कधी मधल्या देशांची मर्जीही सांभाळावी लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या विमानांना मोठा वळसा पडला. लेकाकडे, लेकीकडे निघालेल्या कितीतरी आई-वडिलांचा प्रवास एका रात्रीत लांबला. पृथ्वीच्या गोलावर दिल्ली आणि लंडन होते तिथेच होते.

आता विमानातून उतरू आणि घरच्या दारापासून हिशेब मांडू. दादरला राहणारे एक कुटुंब शिर्डीला निघाले आहे असे समजा. घरून विमानतळ गाठायला एक तास. तिथे दोन तास आधी हजर राहायचे. विमानात पाऊण तास. उतरून सामान हाती येईपर्यंत अर्धा तास. विमानतळ काकडीला आहे आणि मंदिर चौदा किलोमीटर पुढे, म्हणजे आणखी अर्धा तास. बेरीज पावणेपाच तास झाली. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत गाडी सुरू झाली. ती हा प्रवास साधारण सव्वापाच तासांत उरकते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून शिर्डीपर्यंतचे १८१ किलोमीटर सलग झाले. मोटारीचा वेळही त्यामुळे घटला. वीस मिनिटांचे उड्डाण, पंचेचाळीस मिनिटांचे वेळापत्रक आणि पावणेपाच तासांचा प्रवास हे तिन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत त्यांतला एकच येतो.

हे काही आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या दोन विमानतळांत जेमतेम साडेतीनशे किलोमीटरचे अंतर आहे. जेट विमानाला ते अर्ध्या तासाचेही काम नाही, पण वेळापत्रकात सव्वा तास धरलेला असतो. १४ नोव्हेंबर १९९४ रोजी समुद्राखालच्या बोगद्यातून युरोस्टार गाडी सुरू झाली. आज ती सव्वादोन तासांच्या आसपास लंडनच्या मध्यवस्तीतून निघून पॅरिसच्या मध्यवस्तीत पोचते. पुष्कळ प्रवाशांनी घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडला आणि ते विमानातून गाडीत येऊन बसले. फ्रान्सने तर २०२३ मध्ये कायदाच लागू केला. जिथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते तिथे देशांतर्गत विमान नको. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, लियों आणि बोर्दो या शहरांची उड्डाणे त्या नियमात सापडली. कारण धुराचे आणि इंधनाचे होते, पण मुळात तिथे वेळेचा हिशेब आधीच जुळत आला होता.

आपल्या जुन्या माणसांना या हिशेबाचे नवल वाटले नसते. ती अंतर सांगतानाच वेळेत सांगत. ‘तांबडं फुटताना निघालात तर न्याहारीला पोचाल’ असे उत्तर मिळे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. पालखीतल्या वारकऱ्याला पंढरपूर किती किलोमीटर असे विचारा, तो मुक्काम मोजून सांगेल. त्या उत्तरात थकवा, पाऊस, जेवणाची पंगत आणि रात्रीचे भजन असे सगळे धरलेले असते.

मग १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग आला आणि नगर जिल्ह्याला घड्याळातल्या मिनिटांची ओळख झाली. साईबाबांच्या हयातीत मुंबईचे भाविक आगगाडीने कोपरगावला उतरत, टांगा करत आणि गोदावरी ओलांडून शिर्डीला येत. पुढे १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली, ती पुणे आणि नगर यांच्यामध्ये. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला हा मान आपण फारसा मिरवत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांतल्या माणसांचे अंतर जेवढे या लाल गाडीने कमी केले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही वाहनाने केले नाही. तिने बाजार जवळ आणला, कॉलेज जवळ आणले, माहेर जवळ आणले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा एक किलोमीटरही रस्ता नवा न बांधता कित्येक बायकांचे माहेर निम्म्यावर आले. वेगाशिवायही अंतर कमी करता येते.

म्हणजे अंतर कमी झाले असे कोणी सांगितले की एक प्रश्न विचारायला हवा. कोणाचे?

काकडीच्या विमानतळाने काहींचे अंतर नक्कीच कमी केले. हैदराबादच्या सत्तरीतल्या आजीबाई रात्रभर गाडीत अवघडून न बसता दर्शन घेऊन परत जाऊ शकतात, हा लहानसहान लाभ नव्हे. विमानतळाभोवती हॉटेले, टॅक्स्या, दुकाने उभी राहतात, त्यावर घरे चालतात. विमानतळ नको होता असे म्हणण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण ज्या जिल्ह्यात तो उभा आहे, त्या जिल्ह्याचा नकाशा एकदा समोर पसरून पाहावा.

नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा विस्ताराने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याच्या वायव्य टोकाला अकोले तालुका, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई याच तालुक्याच्या हद्दीवर आहे. कोकणकड्याच्या अंगाला घाटघर, रतनवाडी अशी आदिवासी गावे आहेत. घाटघरच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर भंडारदरा, राजूर, अकोले, संगमनेर असे करत दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. काकडी ते मुंबई हे हवाई अंतर १७२ किलोमीटर. दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपासचे आहेत. पण एकाला पाऊण तास लागतो, आणि दुसऱ्याला गाडी बदलत, थांब्यावर ताटकळत, पावसाळ्यात दरड कोसळली नाही तर, दिवसातले बहुतेक तास. कचेरीतले काम त्या दिवशी झाले नाही, तर नगरला मुक्काम. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड आणि पाथर्डीच्या बाजूला, उंच डोंगर नाहीत. तिथे दुष्काळ आहे आणि साखर कारखान्यांकडे निघालेले ऊसतोड मजूर आहेत. त्यांचे अंतर पुन्हा वेगळे. ते सहा-सहा महिन्यांनी मोजायचे असते.

ग्रामीण शाखांत नोकरी करताना या अंतराची किंमत रोज दिसत असे. रिझर्व्ह बँकेने १९८९ साली सेवाक्षेत्र योजना आणली आणि प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावे वाटून दिली. आमच्याकडच्या तक्त्यात गावापुढे अंतर लिहिलेले असे. एखादे गाव अठरा किलोमीटर. पण त्या गावची एसटी सकाळी एकदा निघे आणि दुपारी तीनला परते. म्हैस घेण्यासाठी कर्ज मागायला आलेली बाई अकराला खिडकीशी पोचे. सातबारा जुना आहे, नवा आणा, असे उत्तर मिळाले की तिचा दिवस बुडाला. पुढल्या खेपेला जामीनदार सोबत हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. कर्जाचा व्याजदर किती टक्के हे सगळेच विचारीत. या फेऱ्यांचे व्याज मात्र कोणत्याही खातेवहीत चढले नाही, आणि ते नेहमी सर्वांत गरीब कर्जदारालाच सर्वांत जास्त दराने बसे. गावात राहणाऱ्या मोटारसायकलवाल्या बागायतदाराला तेच अठरा किलोमीटर अर्ध्या तासाचे होते.

पाण्याच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्याने वेळेचा विक्रमच केला आहे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर निळवंडे धरण आहे. त्याची कल्पना निघाली १९७० मध्ये. त्याच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते शिर्डीत झाले ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. सहा नगर जिल्ह्यातले आणि एक नाशिकचा अशा सात तालुक्यांतल्या १८२ गावांसाठी हे पाणी आहे. म्हणजे ८५ किलोमीटर आणि त्रेपन्न वर्षे! ज्या शेतकऱ्याने ऐन तारुण्यात कालव्याची बातमी वाचली, त्याच्या नातवाने पाणी पाहिले. नगर-बीड-परळी हा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, २६१ किलोमीटरचा. नगरहून आष्टीपर्यंत गाडी पोचली २०२२ च्या सप्टेंबरात, आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी. काकडीच्या धावपट्टीवरून उठलेले विमान इतक्या अंतराला अर्धा-पाऊण तास घेते. लोखंडी रुळांना नगरहून बीडला जायला तीस वर्षे लागली. या दिरंगाईला भूसंपादन, निधी, न्यायालये, राजकारण अशी कारणे आहेत आणि त्यांतली काही खरीही आहेत. तरी मनात येते की ज्या वाहनाची वाट पाहणारा माणूस मोठा, ते वाहन लवकर येते.

विमान हे श्रीमंतांचेच वाहन, असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले हवाई अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या गावठाणापासून मळ्यापर्यंतचे. १९६७ पासून तिथे नियमित विमानसेवा आहे. वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात. वारा मागून असला तर त्याहूनही कमी लागतात. जगातले सर्वांत लहान नियमित उड्डाण म्हणून त्याची गंमत सांगितली जाते. पण त्या लहानशा विमानात बसतात कोण? शिकवायला जाणारे शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, शाळकरी मुले. मधल्या समुद्रामुळे शाळा आणि दवाखाना दूर राहू नये, म्हणून ते विमान उडते. किती माणसे बसली यापेक्षा कोण अडून राहिले असते, हे तिथे आधी पाहिले गेले.

समुद्र ओलांडायला विमान लागते. आपल्या जिल्ह्यातले बरेचसे अंतर त्याहून स्वस्तात ओलांडता येते आणि त्याचा दाखला आपल्याच घरात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हाच्या जामखेडात दूरच्या गावातून अडलेली बाळंतीण दवाखान्यात आणायची म्हणजे बैलगाडी जुंपायची. आरोळ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, रुग्णांना लवकर आणण्यासाठी गाड्या वाढवायच्या. दुसरी, दवाखान्यातले ज्ञानच गावाकडे पाठवायचे. त्यांनी मुख्य भर दुसऱ्या वाटेवर ठेवला. प्रत्येक गावातून गावानेच निवडलेली एक बाई घेतली. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना जामखेडला बोलावून शिकवले. स्वच्छ बाळंतपण कसे करायचे, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, कोणत्या रुग्णाला वेळ न दवडता दवाखान्यात पाठवायचे. त्या परत गावात गेल्या, आणि वाडीतले घर व दवाखाना यांच्यातले अंतर चार घरांचे उरले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. आरोळे दांपत्य आज हयात नाही. काकडीच्या विमानतळाइतका त्यांच्या कामाचा गाजावाजा झाला नाही, पण अंतर कमी करण्याचे आपल्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे काम कोणते असे विचारले, तर मी जामखेडचे नाव घेईन.

घाटघरला धावपट्टी हवी असे कोणी म्हणणार नाही. मागणी साधी आहे. शासनाच्या तक्त्यांत गावापुढे जसे किलोमीटर लिहिलेले असतात, तसे तास लिहावेत. या गावाहून ग्रामीण रुग्णालयाला, तालुक्याच्या कचेरीला, बारावीच्या कॉलेजला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने, पावसाळ्यात, किती तास लागतात? स्वतःची मोटार असलेल्याला किती लागतात हे विचारूच नये. अठरा वर्षांच्या मुलीला एकटीने जाऊन संध्याकाळी घरी परत यायला किती लागतात, ते विचारावे. जिल्हा नियोजन समितीने आपल्या बैठकीच्या टेबलावर हा तक्ता ठेवावा आणि दरवर्षी त्यातला सर्वांत मोठा आकडा खाली आणण्यासाठी पैसा खर्च करावा. कुठे एक पूल लागेल, कुठे दुपारची आणखी एक बस, कुठे आठवड्यातून एकदा गावात येणारा तलाठी, तर कुठे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. जिल्हा विभाजनाची चर्चा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती बहुतेक वेळा मुख्यालय कोणत्या गावी यावरच अडते. असा तक्ता हाताशी असता तर त्या चर्चेलाही थोडी दिशा मिळाली असती.

विमानतळावर एक चांगली रीत असते. विमान किती वाजता येणार, किती वाजता निघणार आणि उशीर असेल तर किती, हे सगळ्यांना दिसेल असे फलकावर लिहिलेले असते. घाटघर, रतनवाडीपासून जामखेडच्या शेवटच्या वाडीपर्यंत प्रत्येक थांब्यावर पुढची एसटी किती वाजता आहे, हे तितक्याच ठळकपणे लिहिलेले असावे आणि ती त्या वेळेला यावी. या कामाला ना परदेशी तंत्रज्ञान लागते, ना उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणा. पाटीवरच्या वेळेवर भरवसा ठेवून सकाळी घरातून निघालेल्या माणसाचा त्या दिवशीचा किती वेळ वाचला, तेवढा आपला जिल्हा जवळ आला असे खुशाल धरावे.